कोड उघडा, पण चिप बंद: मग भरवसा कशावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर असतो म्हणून ते विश्वासार्ह, असं म्हणतात. पण लाखो ओळी वाचतं कोण? आणि ज्या प्रोसेसरवर हा कोड चालतो तो तर पूर्ण बंद. मग कोड उघडा असून उपयोग काय?

उपयोग आहे आणि मोठा आहे, पण सहसा सांगितला जातो तो नाही. ‘हजारो लोक कोड वाचतात, त्यामुळे चूक लपत नाही’ हे मला पटत नाही. इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमधला) हार्टब्लीड दोष २०१२ साली आला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. समोरून आलेल्या मजकुराची लांबी खरी आहे का, एवढी एक तपासणी राहून गेली होती. त्यामुळे सर्व्हर एका विनंतीला आपल्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा भाग परत पाठवत असे. कोड दोन वर्षं सगळ्यांसमोर पडून होता. डेबियन या लिनक्स वितरणात (वापरायला तयार अशा लिनक्स संचात) २००६ साली त्याच ओपनएसएसएलमधून काही कोड काढून टाकला गेला. परिणामी एका प्रकारच्या सांकेतिक किल्ल्यांना जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले, म्हणजे सगळे आजमावून पाहता येतील इतके कमी. ते लक्षात यायला २००८ उजाडलं.

आता मार्च २०२४ ची घटना बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. एक्सझेड युटिल्स ही फाईल दाबून लहान करणारी साधी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याने दोनेक वर्षं तिथे चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि देखभालीचे अधिकार हाती आल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. मेख अशी की घातक कोड चाचणीच्या नमुना फाइलींमध्ये दडवला होता, आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे लोक कोड जिथे वाचतात त्या भांडारात, नव्हतीच. ती फक्त प्रकाशनासाठी बनवलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यात, होती. म्हणजे एखाद्याने गिटमधली ओळ न् ओळ वाचली असती, तरी त्याला तो दुवा सापडला नसता. लोक वाचत होते ते वेगळं आणि यंत्रांवर जात होतं ते वेगळं.

पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने. तो वेगळ्याच मोजमापात गुंतला होता. एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागताहेत आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय, हे त्याच्या डोळ्यांत खुपलं. मग तो खणत गेला. एसएसएचमधून लायब्ररीत, लायब्ररीतून टारबॉलमध्ये, तिथून स्क्रिप्टमध्ये. त्याला कुणाची परवानगी लागली नाही, गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागली नाही, कंपनीच्या उत्तराची वाट पाहावी लागली नाही. चोरदरवाजा बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचण्याआधीच बंद झाला.

माझ्या लेखी ओपन सोर्सचं खरं मोल इथे आहे. सगळे वाचतात असं नाही, पण कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका आली की कोणीही मुळापर्यंत जाऊ शकतो. २००३ साली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या होत्या. तुलनेच्या दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच चिन्ह, आणि तेवढ्याने चालवणाऱ्याला रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळाले असते. तेही नुसत्या वाचनातून पकडलं गेलं नाही. मूळ भांडाराशी प्रत जुळत नाही, हे आधी कळलं. वाचण्याइतकंच जुळवून पाहणंही महत्त्वाचं आहे. म्हणून रिप्रोड्युसिबल बिल्ड्सचं काम मला फार मोलाचं वाटतं: तोच सोर्स वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या यंत्रांवर बांधला तर बायनरी (यंत्र थेट चालवतं ती फाइल) बिटन् बिट सारखी आली पाहिजे. एक्सझेडमधली फट त्याच्या एक पायरी आधीची, गिट आणि टारबॉल यांच्यामधली होती. तिथेही तीच शिस्त हवी.

सोर्सपासून बायनरी बनवणारा खुद्द कंपायलरच फितूर असेल तर? युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हेच दाखवलं. कंपायलर लॉगिन प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा घालतो, आणि स्वतःची नवी प्रत बनवताना ही खोड तिच्यातही उतरवतो. सोर्समध्ये मात्र कुठेच काही दिसत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागणार? यावर डेव्हिड व्हीलरने दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरने बांधून निकाल ताडून पाहण्याची पद्धत मांडली. गिक्स या लिनक्स वितरणाच्या लोकांनी तर २०२३ मध्ये ३५७ बाइटच्या एका बायनरीपासून सुरुवात करून पुढचं सगळं सोर्समधून बांधून दाखवलं. ३५७ बाइट माणूस हाताने तपासू शकतो!

हार्डवेअरमध्ये मात्र ही खणत जाण्याची सोयच नाही. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन घ्या. साधारण २००८ पासून इंटेलच्या बहुतेक चिपसेटमध्ये एक स्वतंत्र छोटा संगणक असतो आणि मुख्य प्रोसेसर झोपला तरी तो जागा राहू शकतो. त्याच्या नव्या आवृत्त्यांवर मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हे जगाला २०१७ मध्ये कळलं. त्याच वर्षी त्यात गंभीर दोष असल्याचं इंटेलला जाहीर करावं लागलं. शिवाय एका अमेरिकी सरकारी कार्यक्रमासाठी ते बरंचसं बंद करणारा एक बिट आत ठेवलेला होता, तोही बाहेरच्या संशोधकांनी शोधला. सर्वसामान्य ग्राहकाला असं बटण कंपनीने दिलं नव्हतं. याचा मला खरोखर राग येतो. एएमडीचा सिक्युरिटी प्रोसेसरही बंदच आहे.

‘मग रिस्क-फाइव्ह घ्या’ असं कोणी म्हणेल. रिस्क-फाइव्हमध्ये खुला आहे तो सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी. त्यावर बेतलेली चिप पूर्ण बंद असू शकते. आणि आराखडा खुला असला तरी हातातली चिप त्याच आराखड्याची आहे हे कसं बघणार? थर सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं, पण तपासलेली चिप त्यात नष्ट होते आणि तुमच्या यंत्रातली न तपासलेलीच राहते. २०१३ मध्ये संशोधकांनी नुसतं डोपिंग (सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेली अशुद्धी) बदलून घातपात करता येतो हे दाखवलं. तो साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला दिसतही नाही. यातून मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला प्रयत्न म्हणजे अँड्र्यू ‘बनी’ हुआंग या हार्डवेअर अभियंत्याचं प्रीकर्सर हे हातात मावणारं यंत्र. त्यात प्रोसेसर एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट नंतर ठरवता येणाऱ्या चिपवर, तुम्ही स्वतः बांधता. एफपीजीए बंदच असतो, पण कोणतं सर्किट त्यात कुठे बसणार हे कारखान्याला आधी माहीत नसतं.

तेव्हा भरवसा ठेवायचा तो ‘कुणापासून बचाव करायचाय’ हे ठरवून. साध्या चोरट्यांपासून बचाव हवा असेल तर वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच सॉफ्टवेअर घ्या, डिजिटल सही तपासली जाऊ द्या आणि फर्मवेअरसकट (हार्डवेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरसकट) अपडेट टाळू नका. चिपमधल्या कटाची चिंता करण्यापेक्षा तुम्हाला याचाच उपयोग जास्त. पण तुमच्या हातात हजारो लोकांच्या यंत्रांवर जाणाऱ्या सॉफ्टवेअरची सही करण्याची किल्ली असेल, तर ती नेटवर्कला कधीच न जोडलेल्या वेगळ्या यंत्रावर ठेवा. प्रत्येक प्रकाशन निदान दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रोसेसरवर बांधा आणि हॅश (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) जुळल्यावरच सही करा. दोन्ही चिप बंद असल्या तरी एकीने गडबड केली तर दुसरीचा हॅश वेगळा येईल.