कँटर म्हटलं की पोटात गोळा येतो

प्रश्न: ताई, मी 44 वर्षांची, पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवार क्लबवर ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करून घ्यायचा खेळ) शिकते. अर्ध्या लीजवर (म्हणजे दुसऱ्या कुणासोबत वाटून) घोडी घेतलीये, रेसमधून रिटायर झालेली, स्वभावाने गोड पण पटकन दचकते. मागच्या पावसाळ्यात कँटर (घोड्याची संथ दौड) घेताना ती उसळली, मी पडले आणि कॉलरबोन मोडलं. आता डॉक्टरांनी परवानगी दिलीये पण कँटर म्हटलं की पोटात गोळा येतो, हात आखडतात, मग ती अजूनच पळते. सासूबाई म्हणतात या वयात कशाला ही हौस, नवरा बोलत नाही पण चेहऱ्यावर दिसतं. सोडून देऊ का? तबेल्यात माझी चाहूल लागली की ती खिंकाळते आणि मला रडू येतं.
– एक वाचक, पुणे

उत्तर: सोडू नका. आणि कँटर पण करू नका, निदान इतक्यात तरी.

आधी घोडीची बाजू सांगते. रेसमध्ये जॉकी पुढे झुकतो, लगाम आखडून धरतो आणि घोडा त्या लगामेवर भार टाकून अजून जोरात पळतो, वर्षानुवर्षं त्यांना हेच माहीत असतं. तुम्ही घाबरून हात घट्ट केले, गुडघे आवळले, थोड्या पुढे वाकलात की तिला ऐकू येतं ‘पळ’. म्हणजे ती तुमचं ऐकतेय हो, बेफाम झालेली नाहीये. स्वीडनमध्ये 2009 साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला होता, घोड्यावर बसलेल्यांना किंवा घोडा हाताने चालवणाऱ्यांना सांगितलं की या फेरीत समोर एकदम छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही, पण नुसत्या धास्तीने माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले, आणि घोड्याला तर कुणी छत्रीचं सांगितलं नव्हतं! त्यामुळे भीती लपवून बसायचा प्रयत्न सोडा, तिला कळतेच.

मग करायचं काय, तर वॉक, म्हणजे साधी चाल. मनापासून, महिनाभर तरी. वॉकला कमी लेखू नका, ड्रेसाजच्या बऱ्याच टेस्टमध्ये (जजसमोर ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या) वॉकच्या मार्कांना दुप्पट वजन असतं आणि घाईतले रायडर नेमके तिथेच मार्क घालवतात. सर्पेंटाइन (नागमोडी वळणं), एक्सवर (मैदानाच्या मध्यबिंदूवर) सरळ हॉल्ट, वॉक-हॉल्ट-वॉक, शोल्डर-इन (खांदे किंचित आत वळवून चालणं), हे सगळं वॉकमध्ये होतं. कोचला सांगून एखाद्या शांत स्कूल घोड्यावर लंजवर (कोच लांब दोरीने घोडा गोल फिरवतो तसं) बसा, हातात लगाम न घेता, आणि मोठ्याने आकडे म्हणा किंवा सरळ गाणं म्हणा, कारण बोलताना श्वास रोखताच येत नाही. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) श्वास मोकळा राहायला लागला की मगच 20 मीटरच्या सर्कलवर कँटरच्या तीन-चार स्ट्राइड आणि परत ट्रॉट. घोडीच्या गळ्यात नेक स्ट्रॅप (गळ्याभोवतीचा पट्टा) बांधून घ्या, दचकली तर तो पट्टा धरायचा, लगाम नाही. आणि पडताना घातलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला प्लीज.

वयाचं म्हणाल तर जपानचे हिरोशी होकेत्सु 1964 ला टोकियो ऑलिम्पिक खेळले, मग कंपनीत नोकरी करत राहिले, घोडा सोडला नाही, आणि 2012 ला लंडनला ड्रेसाजमध्ये उतरले तेव्हा 71 वर्षांचे होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेलना 1944 ला पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायात ताकद नाही, घोड्यावर चढवायला माणूस लागायचा, तरी 1952 ला हेलसिंकीत रौप्य. बायकांना ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये पहिल्यांदा परवानगी मिळाली तेच ते वर्ष! मला हे वाचताना अजूनही भरून येतं.

घरच्यांचं म्हणाल तर नवऱ्याने तुम्हाला बहुतेक हॉस्पिटलमध्येच नीट पाहिलंय, घोड्यावर नाही. एका रविवारी वॉकच्या लेसनला घेऊन जा, खरारा करताना ब्रश त्याच्याही हातात द्या. सासूबाईंशी वाद घालू नका, अपघात विमा रायडिंगला लागू होतो का ते तपासून घ्या आणि तेवढं त्यांना सांगा, काळजी खरी आहे त्यांची.

प्रश्न: 60 टक्के म्हणजे काठावर पास का? मुलीला ड्रेसाजच्या पहिल्या टेस्टमध्ये 61 मिळाले, ती नाराज आहे.
– एक पालक, मुंबई

उत्तर: अहो नाही, शाळेचे टक्के डोक्यातून काढा! प्रत्येक हालचालीला 0 ते 10 मार्क, 6 म्हणजे समाधानकारक, 10 फार क्वचित दिसतो. 2023 च्या हांगझोउ एशियन गेम्समध्ये आपल्या अनुष अगरवालाला ड्रेसाजचं वैयक्तिक ब्राँझ मिळालं ते 73.030 टक्क्यांवर. पहिल्याच टेस्टला 61 म्हणजे पेढे वाटा, आणि शीटवर जजने प्रत्येक मार्कापुढे काय लिहिलंय ते तिच्यासोबत बसून वाचा, पुढच्या दोन महिन्यांची प्रॅक्टिस त्यातच मिळेल.