बाळाची हिरवी उलटी आणि आतड्याच्या तपासण्या

प्रश्न : पाच दिवसांच्या नातवाला हिरवी उलटी झाली. एक्स-रे नॉर्मल होता, तरी नळीतून औषध देऊन पुन्हा फोटो काढले आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. बाळ आता बरं आहे, पण एवढी घाई गरजेची होती का?

उत्तर : होती, आजी. तान्ह्या बाळाने दूध ओकणं वेगळं आणि हिरवं ओकणं वेगळं. हिरवा रंग पित्ताचा असतो. अशा वेळी उलट सिद्ध होईपर्यंत आतड्याला पीळ पडला आहे, असंच आम्ही धरून चालतो. गर्भात आतडं फिरत फिरत आपल्या जागी बसतं. ते फिरणं अर्धवट राहिलं (मालरोटेशन), तर त्याचा आधार अरुंद राहतो. त्याभोवती आतडं पिळलं गेलं की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते काळं पडू शकतं. साध्या एक्स-रेत हे अनेकदा दिसतच नाही. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारं, नळीतून दिलेलं ते औषध) दिल्यावर मात्र लहान आतड्याचं पहिलं वळण मणक्याच्या डावीकडे वर येतं की उजवीकडेच राहतं, ते कळतं. सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसला तर वेळ वाचतो. पण बाळ फारच खालावलेलं असेल, तर कुठल्याही फोटोसाठी थांबू नये.

प्रश्न : मुलाने जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पहिली शी केली. आता दोन महिन्यांचा आहे, पोट फुगतं. बेरियम एनिमाला (गुदद्वारातून औषध सोडून काढायच्या एक्स-रेला) नेण्याआधी पोट साफ करून न्यावं का?

उत्तर : नको. उशिरा झालेली पहिली शी आणि फुगणारं पोट यावरून हर्षस्प्रुंग आजाराची शंका येते. त्यात आतड्याच्या गुदाशयाकडच्या भागात मज्जातंतूंच्या पेशी नसतात. तो भाग अरुंद आणि वरचा फुगलेला दिसतो. पोट साफ करायला आधीच एनिमा दिला तर हा फरक पुसट होतो. मात्र शेवटचा निकाल बायोप्सीचाच (आतड्याचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा). तपासणीआधी ताप, दुर्गंधीयुक्त जुलाब आणि ताठ पोट दिसलं, तर तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला न दुखता शीतून बरंच रक्त गेलं. सोनोग्राफीत काही नाही. किरणोत्सर्गी स्कॅनची भीती वाटते.

उत्तर : भीती समजते, पण स्कॅन करून घ्या. मेकेल्स डायव्हर्टिक्युलम या आतड्याच्या जन्मजात पिशवीत कधी कधी जठरासारखं अस्तर असतं. त्याच्या आम्लाने जखम होऊन रक्त जातं. स्कॅनसाठी दिलेलं किरणोत्सर्गी टेक्नेशियम नेमकं त्या अस्तरात गोळा होतं. त्याची मात्रा अल्प असते आणि दर सहा तासांनी किरणोत्सर्ग निम्मा होतो. स्कॅन नॉर्मल येऊनही रक्त जात राहिलं, तर दुर्बिणीतून पोट पाहावं लागतं.