क्रांतिसिंह नाना पाटील खासदार नेमके कुठून होते, साताऱ्यातून की बीडमधून?

दोन्हीकडून: 1957 ला सातारा, 1967 ला बीड, आणि दोन्ही वेळा कम्युनिस्ट पक्षाचे. लोकसभेच्या सदस्यनोंदीत दोन्ही मतदारसंघ आहेत. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राची लाट होती आणि इकडच्या गावांना त्यांच्या प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारची, आठवण ताजी होती, त्यामुळे साताऱ्यातला विजय समजण्यासारखा आहे. 1962 ला तिथून काँग्रेसचे किसन वीर गेले. मला खरी मोठी वाटते ती बीडची निवडणूक, कारण तिकडे ना गाव ना भावकी. दिल्लीतही अण्णा, म्हणजे नाना पाटील, मराठीतूनच बोलले. फक्त एक लक्षात घ्या, त्यांचं गाव येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे. प्रतिसरकारच्या काळात ते साताऱ्यातच मोडायचं. म्हणून जुन्या पुस्तकांत 'साताऱ्याचे नाना पाटील' दिसतं, तेही बरोबरच.