पहिलं ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं, मग दुसरं कशाला?

वडिलांच्या छातीत दडपल्यासारखं झालं, दीड तासात दवाखान्यात पोचलात, ईसीजी ठीक, ट्रोपोनिन निगेटिव्ह. तरी ३ तासांनी पुन्हा रक्त घेणार म्हणतात, हे उगाच आहे का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात उगाच नाही. दुसरं सॅम्पल दिल्याशिवाय त्यांना घरी नेऊ नका.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूचं आकुंचन सांभाळणारं प्रथिन. स्नायूपेशीला इजा झाली (हार्ट अटॅकमध्ये होते तशी) की ते रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. जुन्या चाचणीत वाढ दिसायला ४ ते ६ तास जायचे. हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही पकडणाऱ्या नव्या चाचणीत ती १ ते ३ तासांत दिसू लागते. म्हणजे दीड तासाचा निगेटिव्ह रिपोर्ट खोटा नसतो, फक्त लवकरचा असतो.

लॅबमधली एक रात्र मी विसरलेलो नाही. ट्रोपोनिन-टी, पहिलं सॅम्पल ९ नॅनोग्रॅम प्रति लिटर. मर्यादा १४, म्हणजे नॉर्मल. पेशंट घरी जायचा हट्ट धरून बसलेले. ३ तासांनी दुसरं आलं, ७४. आधी ट्यूबवरचं नाव पडताळलं, सीरममध्ये फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा, धागा राहिलाय का पाहिलं (त्यानेही आकडा खोटा चढतो), पुन्हा सेंट्रिफ्यूज करून मशीनला लावलं. ७३. तेव्हाच वॉर्डला फोन केला. पहिल्या रिपोर्टवर ते गेले असते तर, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

उलटंही होतं, हार्ट अटॅक नसताना आकडा वाढलेला दिसतो. किडनीच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच वाढलेलं असू शकतं. मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज), फुप्फुसातली गुठळी, सेप्सिस (अंगभर भिनलेला गंभीर संसर्ग) यांतही वाढतं. म्हणून आकडा चढतोय, उतरतोय की जागचा हलत नाही, हे बघावं लागतं, आणि त्यासाठी दोन सॅम्पल लागतातच. रिपोर्ट ताडताना एककही बघा: ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच. यावरून घरच्यांची घाबरगुंडी उडालेली मी पाहिली आहे.

हृदयाच्या इजेसाठीची सीके-एमबी ही जुनी रक्तचाचणी आता मागे पडलीय. आणि लिव्हरच्या रिपोर्टमध्ये दिसणारं एसजीओटी हे एन्झाइम? हार्ट अटॅकमध्ये ते रक्तात वाढतं हे १९५४ मध्येच दाखवलं गेलं होतं. या सगळ्या चाचण्यांची सुरुवात तिथली.

दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल आली तरी रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं समजू नका. अनस्टेबल अँजायनात (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं तेव्हा) स्नायू मेलेला नसतो, म्हणून ट्रोपोनिन वाढत नाही, पण धोका असतो. पुढच्या तपासण्या टाळू नका. आणि दुखणं पुन्हा सुरू झालं तर लगेच नर्सना सांगा, ईसीजी परत काढावा लागेल. त्यात एसटी हा आलेखाचा भाग वर गेलेला (मोठ्या हार्ट अटॅकची खूण) दिसला तर ट्रोपोनिनसाठी कोणी थांबत नाही, थेट अँजिओप्लास्टीची तयारी होते.

केसांसाठी मोठ्या डोसचं बायोटिन घेत असतील तर तेही सांगा, काही मशीनवर त्याने आकडा खोटा कमी येतो. आणि दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते वडिलांना विचारून आत्ताच कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. दोन्ही रिपोर्ट त्या वेळेवरूनच वाचले जाणार आहेत.