वापरलेली उभ्याने चालवायची जेट स्की घेण्यापूर्वी

प्रश्न : मी फ्लोरिडातील टॅम्पा येथे राहतो. येथील एका गृहस्थांकडे यामाहाची सुपरजेट ही उभ्याने चालवायची जेट स्की विक्रीस आहे. ती 1997 सालची असून तिचे इंजिन 701 सीसीचे, टू-स्ट्रोक आहे. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरात होणारा दाब) 150 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचास 150 पौंड, दाखवणारा फोटो त्यांनी पाठवला आहे आणि इंजिनाचे काम नुकतेच केल्याचे ते सांगतात. एवढ्यावर व्यवहार करावा का?

उत्तर : एवढ्यावर करू नये. कॉम्प्रेशनचा आकडा चांगला आहे, परंतु इंजिन पैसे खर्चून पुन्हा उभे करता येते. पाणी प्यालेला सांगाडा (पाण्यावर तरंगणारा बाहेरचा भाग) आणि न जुळणारी कागदपत्रे मात्र आयुष्यभर त्रास देतात. म्हणून तपासणीचा आरंभ तेथूनच करावा.

सांगाड्याच्या मागील बाजूस बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष दर्शवतात. हा क्रमांक मालकीच्या कागदाशी अक्षरशः ताडून पाहावा. तो खरवडलेला किंवा रंगाखाली दडलेला असल्यास तेथूनच परत फिरावे. त्यानंतर नाकाचा भाग, हँडलचा दांडा जेथे बसतो ती जागा आणि वरचा व खालचा भाग जेथे चिकटवलेला असतो तो कडेचा सांधा बोटांनी चाचपावा. उभे राहण्याच्या जागेवरील रबरी मॅटची कड उचलता आल्यास खालील तडेही दिसतात. सांगाड्याच्या पोकळीत फोम भरलेला असतो आणि एखाद्या बारीक तड्यातून पाणी झिरपत राहिले की तो भिजून जड होतो. या यंत्राचे कोरडे वजन सुमारे 130 किलो असल्याने दोघांनी मागची बाजू उचलून पाहावी आणि ती अवाजवी जड लागल्यास प्रत्यक्ष वजन करण्याचा आग्रह धरावा.

आता इंजिन. भेटीपूर्वी ते सुरू करू नये, अशी विक्रेत्यास विनंती करावी आणि पोहोचताच सिलिंडरवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करावी, कारण गार इंजिन सुरू होताना जे दिसते ते तापलेले इंजिन लपवते. कॉम्प्रेशन आपल्यासमोर, दोन्ही स्पार्क प्लग काढून, त्यांच्या वायर अर्थ करून (इंजिनाच्या धातूला जोडून) आणि थ्रॉटल (वेग वाढवणारा खटका) पूर्ण उघडून मोजावे. दोन सिलिंडरांत दहा पीएसआयहून अधिक फरक असू नये. तरीही क्रँकची (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सील गळत असल्यास हा आकडा ते सांगत नाही. अशा सीलमधून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि पिस्टन जळतो. त्यासाठी प्रेशर टेस्ट, म्हणजे इंजिनात हवेचा दाब भरून तो टिकतो का याची चाचणी, करावी लागते. ‘काम नुकतेच केले’ म्हणणाऱ्यांना क्रँक आणि सीलही बदलले का, हे स्पष्ट विचारावे व सुट्या भागांच्या पावत्या मागाव्यात. या इंजिनात पेट्रोलमध्ये 50 भागांस 1 या प्रमाणात ऑइल मिसळावे लागते. मालकाला हे प्रमाण तत्काळ सांगता आले नाही, तर इंजिनाची काळजी कशी घेतली गेली याचा अंदाज येतो.

पाण्याबाहेर इंजिन काही सेकंदांपलीकडे चालवायचे असल्यास पाण्याची नळी जोडावी लागते. तेव्हा आधी इंजिन सुरू करावे आणि मगच नळ सोडावा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. हा क्रम चुकल्यास एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात जाऊ शकते.

टॅम्पाचा उपसागर खारा असल्यामुळे पाणी मागे फेकून यंत्र पुढे ढकलणाऱ्या पंपाकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिन पूर्ण बंद असल्याची खात्री करून खालच्या जाळीतून टॉर्चच्या प्रकाशात इम्पेलरच्या (पंपातील फिरणाऱ्या पंख्याच्या) पात्यांच्या कडा पाहाव्यात. पाती आणि भोवतीची रिंग यांतील फट सर्वत्र सारखी व अगदी अरुंद असावी. रिंगवर खोल चरे असल्यास वाळू किंवा दगड ओढला गेला आहे. शाफ्ट (इम्पेलर फिरवणारा दांडा) हलवून बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे का, फिरवताना खरखर येते का, हेही पाहावे. स्टिअरिंगची केबल मात्र किरकोळ खर्चाची बाब आहे.

शेवटी पाण्यावर फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पूर्ण थ्रॉटलला वेग न वाढता नुसता आवाज वाढत असेल, तर पंप झिजलेला असण्याची शक्यता मोठी. परतल्यावर लगेच हूड उघडून तळाशी किती पाणी साचले आहे ते पाहावे. थोडेसे चालते, परंतु प्रत्येक फेरीनंतर ते उपसावे लागणार असेल, तर शाफ्टचे सील किंवा कूलिंगची एखादी नळी गळत आहे आणि तिची दुरुस्ती किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.