आधी बॅटरीवरची ती 'डायरेक्ट' वायर शोधा

देवगडच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. ९९ ची कार्बोरेटरवाली मारुती एट हंड्रेड, गाडी उभी केल्यावर जळका वास, दोन दिवस न वापरली की बॅटरी उतरते, आणि फिटर म्हणतो "जुनी गाडी, चालायचंच". त्यावर भाऊंचा प्रश्न, आग विझवायचं सिलिंडर कुठलं घेऊ. सिलिंडर घ्याच, पण ते नंतर. माझ्या गाडीची लक्षणं तंतोतंत हीच होती.

मी मेकॅनिक नाही, त्यामुळे हे एका पोळलेल्या माणसाचं मत समजा.

२०१४ साली गणपतीच्या तोंडावर मी पुढे दोन फॉग लाईट बसवून घेतले. गॅरेजमध्ये चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, वायरमनला वेळ नाही. त्याने बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर ओढली, रेडिएटरच्या कडेने पत्र्याच्या भोकातून पुढे नेली, एक वायर आत बटणाला आणि वर काळी टेप. मी विचारलं, "फ्यूज?" तो म्हणाला, "डायरेक्ट दिलीय काका, लाईट फुल मारेल." मी खूश होऊन पैसे दिले. आयुष्यातला सगळ्यात महागडा लाईट.

त्या भोकाला रबरी ग्रॉमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी, नव्हता. दोन वर्षं इंजिनच्या थरथरीने पत्र्याची धार वायरवर घासत राहिली. त्यात आपली खारी हवा. पावसाळ्यात टेप सुटून चिकट झाली, जोडावर हिरवा गंज चढला. २०१६ ला चिपळूणहून येताना निवळी घाटात बॉनेटच्या फटीतून धूर आला. मी चावी बंद केली, तरी धूर वाढतोय. तेव्हा कळलं की चावी बंद केल्याने त्या वायरीला काही फरकच पडत नाही. वायरीची तार पत्र्याला टेकली की छोटी बॅटरीसुद्धा शे-दोनशे अँपिअर सहज ओतते, आणि बारीक वायर काही सेकंदांत विजेच्या शेगडीच्या तारेसारखी लाल होते. बाजूला पेट्रोलचा पाइप.

फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बटणापाशी नाही, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे साधारण ९ अँपिअर, त्याला १५ चा फ्यूज आणि रिले (दिव्याचा जड करंट बटणातून न नेता परस्पर चालू-बंद करणारा स्विच) पुरे. हेडलाईटला १०० वॉटचे बल्ब टाकलेत का तेही बघा. दोन मिळून १७ च्या आसपास जातात, कंपनीची वायर आणि बटण त्यासाठी नसतं. ते काढून ६०/५५ चेच लावा. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणारा किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणारा फिटर असेल तर त्याच्या दारात गाडी नेऊ नका. राग येईल काही जणांना, येऊ दे.

माझ्याकडे सिलिंडर होतं बरं का. डिकीत, नारळाच्या पोत्याखाली, त्यावर मखराचं सामान! मी पोतं ओढतोय तोवर मागच्या ट्रकवाल्याने त्याचं आणलं. मी बॉनेट उघडायला धावलो तर माझ्यावर खेकसला. आतली खटकी फक्त सोडायला लावली आणि त्या बोटभर फटीतून पावडर मारली. पूर्ण उघडलं असतं तर हवा मिळून भडका तोंडावर आला असता. तेव्हा एक किलोचं एबीसी पावडरचं घ्या, ड्रायव्हर सीटपाशी पट्ट्याने बसवा. काटा हिरव्यात आहे ना बघत जा, अधूनमधून उलटं करून हलवा, पावडर खाली बसते. आणि विझलं नाही तर गाडी सोडून लांब व्हा, १०१ लावा.

विम्याचं सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाही. पॉलिसी फुल होती. साहेब म्हणाले, "अग्निशमनचा दाखला कुठाय?" अहो, आग ट्रकवाल्याने विझवली, बंब आलाच नाही! पोलिसांकडची नोंद दिली तर म्हणे वेळ जुळत नाही. पाच महिने खेटे. शेवटी बोट ठेवलं बाहेरून बसवलेल्या लाईटवर, आणि त्यात माझा गाढवपणा असा की विमा कंपनीचा तपासणीवाला सर्व्हेअर येण्याआधी मीच जळकी वायर उपटून फिटरला दाखवायला नेली होती. क्लेम गेला. जळलेलं काही हलवू नका, आधी फोटो.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांबद्दल थोडक्यात. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी नव्हतं. इंजिनकडे जाणारी आणि टाकीकडे परतीची, दोन्ही बदला, क्लिपांसकट, आणि खास पेट्रोलचीच नळी मागा. वाकवून बघा, भेगा दिसल्या की विचार नको. ओम्नीवाल्यांनो, तुमचं इंजिन बुडाखाली आहे, वास आला की लगेच थांबा.

आणि मांगरात (घराबाहेरच्या सामानाच्या खोपीत) गाडी लावत असाल तर बॉनेट आठवड्यातून एकदा उघडा. माझ्या भावाच्या जीपमध्ये उंदराने एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या तापणाऱ्या पाइपच्या वर काथ्याचं घरटं केलेलं, सोबत अर्धी कुरतडलेली वायर. डांबरगोळ्यांनी उंदीर हटत नाहीत, निदान आमच्याकडचे तरी नाही. नारळ आणि सोडणं (नारळाची सालं) तिथून हलवली तेव्हा कमी झाले.

भाऊ, बॅटरी आपोआप उतरतेय म्हणजे कुठूनतरी करंट झिरपतोय. टर्मिनलवर कंपनीच्या वायरींशिवाय जादा काय काय चिकटवलंय त्याचा फोटो टाका, मग बघू. तोवर रात्री निगेटिव्ह काढून ठेवत जा, दहाचा पाना लागेल.