क्लासची फी भरण्याआधी सायकल बाहेर काढा

प्रश्न : मुलगी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला गाड्यांच्या सिम्युलेशनमध्ये जायचंय. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत सात सॉफ्टवेअर शिकवतो, फी ८० हजार. भरू का? आणि नुसतं संगणकासमोर बसणं हे खरं इंजिनिअरिंग आहे का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण खरी काळजी तीच दिसते. हो, हे अस्सल इंजिनिअरिंग आहे. २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळून तिच्या सुरक्षिततेला तारे देणारी चाचणी, सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळतात. नवीन गाडीचा एकेक नमुना बनवायला प्रचंड खर्च येतो आणि धडकेत तो भंगारात जातो. म्हणून आधी संगणकावर आदळून बघतात. पत्र्याचे साधारण ५ मिलिमीटरचे लाखो तुकडे पाडायचे, याला मेशिंग म्हणतात. धडक आटोपते सेकंदाच्या दहाव्या भागात, पण सॉल्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला गणित सोडवणारा भाग, ती एकेका मायक्रोसेकंदाने पुढे सरकवत मोजतो. म्हणजे लाखभर पावलं!

फी मात्र आत्ता भरू नका. बटणं कुठली दाबायची हे महिन्याभरात येतं. अडतं ते पुढे. मिलिमीटर-टन-सेकंद या एककांत पोलादाची घनता ०.००००००००७८५ अशी भरावी लागते. सवयीने ७८५० (किलो प्रति घनमीटर) भरलं तरी बऱ्याचदा सॉफ्टवेअर तोंडातून ब्र काढत नाही, रंगीत चित्र काढून देतं. ते चित्र चूक आहे हे ओळखणाऱ्या माणसाला पगार मिळतो. ती नजर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, डायनॅमिक्स आणि व्हायब्रेशनमधून येते, आणि ते विषय ती कॉलेजात शिकतेच आहे.

तिला एक काम सांगा. वारा नसताना सपाट, मोकळ्या रस्त्यावर सायकल वेगात न्यायची, पायडल थांबवायचं आणि ती मंदावताना दर दोन सेकंदांनी वेग टिपायचा. मग एक्सेलमध्ये स्वतः मॉडेल मांडायचं : टायरचं घर्षण जवळपास स्थिर, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत. टिपलेल्या वेगाचा आणि मॉडेलचा आलेख जुळतात का पाहायचं. पहिल्यांदा बहुधा जुळणार नाहीत. का जुळले नाहीत हे शोधण्यात तिचे चार-आठ दिवस जाऊ द्या. गाड्यांवर हीच चाचणी कोस्टडाऊन नावाने होते, आणि मॉडेल चाचणीशी ताडून पाहण्याला या धंद्यात कोरिलेशन म्हणतात. मुलाखतीत मी सात सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रांपेक्षा हा एक आलेख पुढे ठेवायला सांगेन.

सॉफ्टवेअरसाठी पैसे लागत नाहीत. अ‍ॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती मोफत आहे, धडकेच्या सिम्युलेशनसाठी ओपनरॅडिऑस मोफत आणि खुलं आहे, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून ओपनमोडेलिका हे समीकरणांवरून मॉडेल मांडायचं सॉफ्टवेअर शिकता येतं. यातलं एकच घेऊन मुरू द्या. कॉलेजची बाहा टीम (विद्यार्थ्यांनी स्वतः खडबडीत रस्त्यावरची गाडी बनवायची स्पर्धा) असेल तर तिने त्यात जरूर शिरावं. स्वतः मॉडेल केलेला सस्पेन्शन आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा) वेल्ड करून, चालवून, वाकलेला बघायला मिळतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुणे-चाकणच्या एखाद्या कंपनीत मिळतो का, याची विचारपूस आत्तापासून सुरू करा.

एवढं होऊनही क्लास हवासा वाटला, तर शिकवणाऱ्यांना एवढंच विचारा : तुम्ही मॉडेलचं उत्तर कुठल्या चाचणीशी ताडून दाखवता? चाचणीचा आलेख समोर ठेवला, तर फी भरा.